आधी पाठ बघा, मग चित्र

क्षितिज फार खाली. त्याच्या अलीकडे नापीक, पिवळट-करडी जमीन आणि तिच्यावर कलत्या उन्हाच्या लांबच लांब सावल्या. एक वठलेलं झाड, दगड की हाड ते कळू नये अशी एक वस्तू, दूरवर कशालाच न जोडलेली भिंत. माणूस नाहीच, असला तर पाठमोरा आणि मुंगीएवढा. खालच्या कोपऱ्यात न लागणारी सही, भोवती जड सोनेरी चौकट. १९४० ते १९६० या वीसेक वर्षांत रंगवलेली अशी अतिवास्तववादी निसर्गचित्रं आज अमेरिकेत आणि युरोपात सतत बाजारात येत आहेत. ज्यांनी ती रंगवली किंवा हौसेनं विकत घेतली ती पिढी संपत आली आहे आणि त्यांची घरं रिकामी होत आहेत. न्यू जर्सीतली किंवा बे एरियातली मराठी मंडळीही शनिवारी सकाळी अशा 'इस्टेट सेल'ला जातात. चित्र गाडीत घालून घरी आलं की भिंतीवर जागा शोधण्याआधीच कुणीतरी विचारतं, "हे किती किमतीचं असेल?"

या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. लिलावगृहांचे तज्ज्ञ आहेत, विम्यासाठी आणि करासाठी अहवाल लिहिणारे मूल्यांकनकार आहेत, बीबीसीचा १९७९ पासून चालू असलेला 'अँटिक्स रोडशो' आणि त्याची १९९७ पासूनची अमेरिकी आवृत्ती आहे, आणि आता फोटो टाकला की क्षणात आकडा सांगणारी मोबाइल अ‍ॅपही आहेत. एकाच चित्राबद्दल त्यांची उत्तरं एकमेकांपासून फार लांब पडतात. त्याला अज्ञान किंवा लबाडी हे एक कारण असतं, पण ते मुख्य नव्हे. बहुतेकांचं लक्ष चित्राच्या दर्शनी भागावर असतं, आणि या प्रकारच्या चित्रात दर्शनी भाग हा सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे. तो तसा का झाला, हे या चित्रप्रकाराच्या इतिहासात आहे.

लांब सावल्यांचे रिकामे चौक पहिल्यांदा जॉर्जो द किरिको यानं पहिल्या महायुद्धाच्या आधी रंगवले. त्याचं एक चित्र पॅरिसमधल्या एका गॅलरीच्या खिडकीत बसमधून दिसलं आणि ईव्ह टांगी चालत्या बसमधून उडी मारून उतरला, अशी कथा सांगतात. कथा तिखटमीठ लावलेली असेल, पण चित्रकलेचं कसलंही शिक्षण न घेतलेल्या टांगीनं १९२७ पर्यंत स्वतःचं जग उभं केलं होतं हे खरं. समुद्राचा तळ की वाळवंट ते कळू न देणारी धूसर जागा, आणि तिच्यात ठळक सावल्या टाकणाऱ्या अनाम वस्तू. साल्वादोर दालीनं आपल्या कॅटलान किनाऱ्यावरचे काप द क्रेउसचे खडक आणले. वितळत्या घड्याळांचं त्याचं १९३१ चं जगप्रसिद्ध चित्र प्रत्यक्षात फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. माक्स अर्न्स्टनं रंग खरवडून जंगलं उभी केली आणि पुढे ओला रंग काचेनं किंवा कागदानं दाबून उचलायच्या तंत्रानं उद्ध्वस्त प्रदेश रंगवले. 'पावसानंतरचा युरोप' या नावाचं त्याचं १९४० ते ४२ मधलं चित्र त्यातलं शिखर.

इथपर्यंत गोष्ट मोजक्या माणसांची होती. आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा. १९३६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही मोठं प्रदर्शन लागलं. महायुद्ध पेटल्यावर ब्रेतों, अर्न्स्ट, टांगी, दाली, मासों हे सगळे अमेरिकेत आले. दालीनं १९३९ मध्येच न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या बड्या दुकानाच्या खिडक्या सजवल्या होत्या, आणि १९४५ मध्ये हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'मधल्या स्वप्नाच्या प्रसंगातून ही दृश्यभाषा सिनेमाच्या तिकिटाच्या दरात गावोगाव पोचली. मासिकांची मुखपृष्ठं, जाहिराती, कला महाविद्यालयांचे वर्ग, रविवारचे हौशी चित्रकार, सगळ्यांनी ती उचलली. खाली क्षितिज, लांब सावली, एकटं झाड. कृती सोपी आणि परिणाम हुकमी. म्हणून आज एखादं चित्र 'अगदी दालीसारखं' दिसतं, तेव्हा अनुभवी मूल्यांकनकार खूश होत नाही. दालीसारखं दिसणं हीच त्या काळातली सर्वसाधारण गोष्ट होती.

न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या आसपास अमूर्त चित्रकलेनं बाजी मारली आणि ही निसर्गचित्रं तिथे जुनी वाटू लागली. पण ती थांबली नाहीत. शिकागोत गर्ट्रूड अबरक्रॉम्बी, कॅलिफोर्नियात हेलन लुंडेबर्ग, विस्कॉन्सिनमध्ये जॉन वाइल्ड, मेक्सिको सिटीत लिओनोरा कॅरिंग्टन आणि रेमेदिओस बारो, इंग्लंडात जॉन टनार्ड, कनेटिकटमध्ये टांगीची पत्नी केय सेज, अशी केंद्रापासून दूर बसलेली माणसं रंगवत राहिली. ही यादी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मूल्यांकनाचा खरा थरार या मधल्या थरात असतो. मॅग्रिटसारख्या बड्या चित्रकाराचं किंवा टांगीचं खरं चित्र एखाद्याच्या गॅरेजमध्ये सापडणं जवळजवळ अशक्य. पण शिकागोच्या उपनगरात अबरक्रॉम्बीचं तळहाताएवढं चित्र सापडणं शक्य आहे.

आता किमतीचा प्रश्न. तो विचारणाऱ्याला मूल्यांकनकार उलट विचारतो, "कशासाठी हवी?" हा टाळाटाळीचा प्रश्न वाटतो, पण सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. विम्यासाठी हवी असेल तर हेच किंवा याच्या तोडीचं चित्र आज गॅलरीतून आणायला किती पडेल ते पाहायचं. हा आकडा सगळ्यात मोठा असतो. कर, देणगी किंवा वारसांची वाटणी यांसाठी हवी असेल तर रास्त बाजारमूल्य पाहायचं. घेणारा राजी, देणारा राजी, दोघांवर सक्ती नाही आणि दोघांना वस्तूची पुरेशी माहिती आहे, अशा व्यवहारात जी रक्कम ठरेल ती. लिलावात विकायचं असेल तर अंदाजपट्टा, म्हणजे खालचा आणि वरचा आकडा. तो बोली लावणाऱ्यांना आत ओढण्यासाठी बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आणि उद्याच घर रिकामं करायचं असेल तर मिळेल ती किंमत. एकाच चित्राला एकाच दिवशी हे चारही आकडे खरे असतात, आणि विम्याचा आकडा विक्रीच्या आकड्याच्या दुप्पट निघाला तरी त्यात फसवणूक नसते. टीव्हीवरच्या कार्यक्रमात तज्ज्ञ आकडा सांगतो तेव्हा तो यातला कोणता आहे हे एका वाक्यात सांगून टाकतो, आणि प्रेक्षक नेमकं तेच वाक्य विसरतात.

अमेरिकेच्या आयकर खात्यानं तर याचे टप्पेच ठरवून दिले आहेत. ५,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीचं चित्र संग्रहालयाला दान करून करसवलत मागायची असेल तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, २०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर तो अहवाल विवरणपत्राला जोडावा लागतो, आणि ५०,००० डॉलर वा त्यावरच्या कलाकृती तपासायला खात्याचं स्वतःचं सल्लागार मंडळ आहे. दान करणाऱ्यांना चित्र महाग वाटतं आणि वारसाकर भरणाऱ्यांना तेच चित्र एकदम सामान्य वाटू लागतं, हा मानवी स्वभाव त्या मंडळाला चांगला ठाऊक असावा.

कशासाठी हे ठरलं की चित्र भिंतीवरून उतरवायचं आणि उलटं ठेवायचं. सगळा मजकूर तिथे असतो. कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकला आहे की स्टेपलनं? शतकाच्या मध्यापर्यंत चुका, त्यानंतर हळूहळू स्टेपल. पण एखाद्यानं चित्र पुन्हा ताणून बसवलं असेल तर जुन्या चित्राला नवे स्टेपल असतात, तेव्हा कॅनव्हासच्या कडेला जुनी भोकं शोधायची. कापड सुती असेल तर अमेरिकेकडे बोट जातं, लिननचं असेल आणि त्यावर पॅरिसच्या लफेव्र-फ्वाने या रंगसाहित्याच्या दुकानाचा शिक्का असेल तर फ्रान्सकडे. कापडाऐवजी तपकिरी दाबीव फळी असेल, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला जाळीचा ठसा, तर ती मेसोनाइट. विल्यम मेसननं मिसिसिपीतल्या लॉरेल इथे १९२४ च्या सुमाराला ती शोधली, त्यामुळे तिच्यावर १९१० ची तारीख असेल तर पुढे बघायची गरज नाही. फळी दिसली की 'स्वस्तातलं काम' असं समजणारेही आहेत. त्यांनी कॅरिंग्टनचं १९४५ चं 'दागोबेअरचे विरंगुळे' आठवावं. ते मेसोनाइटवरच आहे, आणि त्याची किंमत पुढे येईलच.

चौकट करणाऱ्याचं लेबल तर सोन्यासारखं. अमेरिकेतल्या लेबलावर गावाच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर ते १९४३ नंतरचं. पाच आकडी झिप कोड असेल तर जुलै १९६३ नंतरचं, कारण तो त्या महिन्यात सुरू झाला. मात्र हे चौकटीचं वय झालं, चित्राचं नव्हे. या दोन वयांची गल्लत करणारे अहवाल कमी नाहीत.

पाठीवर एखादी छोटी धातूची पट्टी किंवा 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' असं छापलेलं लेबल दिसलं तर वेगळाच पेच. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३, अमेरिकी सरकारनं चित्रकारांना पगार देऊन चित्रं करून घेतली. शाळांना, कचेऱ्यांना ती वापरायला दिली, पण मालकी सोडली नाही. त्यामुळे आजोबांनी शाळेच्या अडगळीतून उचलून आणलेलं चित्र आजही सरकारी मालमत्ता असू शकतं, आणि सरकारचं खातं अशी चित्रं शोधून परत मागतं. अबरक्रॉम्बीही या योजनेच्या पगारावर होती. म्हणजे नाव मोठं, चित्र अस्सल, अवस्था उत्तम आणि विकण्याचा हक्क शून्य, असंही घडू शकतं. १९३३ ते १९४५ या काळात युरोपात असलेल्या चित्रांची कथा याहून गंभीर. त्या काळात एखादं चित्र कुणाच्या ताब्यात होतं हे सांगता आलं नाही तर नाझींच्या लुटीची शंका येते आणि मोठी लिलावगृहं चित्र हातात धरत नाहीत.

चौकटीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त तिच्याच प्रभावाखाली येतात. पेगी गुगेनहाइमनं १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' ही गॅलरी उघडली. तिची रचना फ्रेडरिक कीसलरनं केली होती. अतिवास्तववादी दालनाच्या भिंती त्यानं वळणदार केल्या, चित्रांच्या चौकटी काढून टाकल्या आणि ती भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी दांड्यांवर बसवली. म्हणजे या चित्रांच्या सगळ्यात गाजलेल्या घरात चौकटीला जागाच नव्हती. आज दिसणारी नक्षीदार सोनेरी चौकट बऱ्याचदा नंतरच्या मालकाची हौस असते, सोफ्याला शोभेल म्हणून घातलेली. तिची किंमत वेगळी धरायची. कधीकधी जुनी हातानं कोरलेली चौकट आतल्या चित्रापेक्षा महाग निघते, आणि मूल्यांकनकाराला ते यजमानाच्या तोंडावर सांगावं लागतं. पण याच्या उलटही आहे. अबरक्रॉम्बी आपल्या छोट्या चित्रांना जुन्या बाजारातून मिळवलेल्या चौकटी स्वतः निवडून घालायची. त्या कळकट दिसतात म्हणून काढून नव्या घातल्या तर चित्राचा एक भागच फेकून दिल्यासारखं होतं.

मुंबईचा या गोष्टीशी एक खरा धागा आहे, आणि तोही चौकटीतूनच. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये चौकटींच्या पट्ट्या बनवणारी केमोल्ड कंपनी सुरू केली. तिच्या दुकानात प्रोग्रेसिव्ह गटातले तरुण चित्रकार आपली चित्रं लावू लागले, आणि १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत गॅलरी केमोल्ड उभी राहिली. केमोल्ड कंपनी सुरू झाली त्या सुमाराला नाझींपासून पळून वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन, एमान्युएल श्लेसिंगर असे युरोपीय कलाप्रेमी मुंबईत स्थिरावले होते. मुंबईतल्या जुन्या घरात एखादं मध्य युरोपीय वळणाचं चित्र मुंबईच्या चौकटीत सापडलं, तर चौकट इथली म्हणून चित्रही इथलंच असं धरू नये. आणि इथे आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. मुंबईत चाळीस-पन्नास पावसाळे काढलेल्या कॅनव्हासवर बुरशीचे ठिपके आणि ढिला झालेला ताण नसेल, तर तो इतकी वर्षं नक्की इथेच होता का, हे विचारावं.

पाठ वाचून झाली की दिव्याची पाळी. अतिनील प्रकाशाखाली जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर केलेली रंगडागडुजी काळपट डागांसारखी उठून दिसते. कागद किंवा कापड निळसर-पांढरं झगझगलं तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती साधारण १९५० नंतरची. सही भिंगाखाली बघायची. रंगाला पडलेल्या भेगांवरून सहीची रेघ सरळ निघून गेली असेल किंवा भेगेत उतरली असेल, तर भेगा आधी पडल्या आणि सही मागून आली. अनाम पण चांगल्या चित्रावर नामवंताची सही ठोकणं ही जगातली सगळ्यात स्वस्त बनवाबनवी आहे, कारण चित्र खरंच जुनं असतं.

यापुढची तपासणी महाग आणि क्वचितच परवडणारी, पण तिच्या कथा रंजक आहेत. १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला, आणि त्या काळात उगवलेल्या प्रत्येक रोपाच्या धाग्यात त्याची खूण राहिली. पेगी गुगेनहाइमनं फेर्नां लेजेचं म्हणून घेतलेलं एक चित्र पुष्कळ वर्षं संशयात होतं. २०१४ मध्ये इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या कापडाचा धागा तपासला. कापूस १९५९ नंतरचा निघाला. लेजे १९५५ मध्येच वारला होता. शतकाच्या मध्यातल्या चित्रांच्या बाबतीत ही कसोटी दुधारी आहे. १९४८ ची तारीख घातलेलं पण १९७० मध्ये केलेलं चित्र ती पकडते, पण जुन्या फाटक्या चित्राचा कॅनव्हास खरवडून वापरला असेल तर कापडाची तपासणी उपयोगाची नाही, रंगातल्या तेलाची करावी लागते.

बनावट अतिवास्तववादी निसर्गचित्रांचा विषय वोल्फगांग बेल्त्राकीशिवाय पुरा होत नाही. या जर्मन गृहस्थानं माक्स अर्न्स्टची जंगलं इतकी सफाईनं केली की अर्न्स्टच्या कामाचे सर्वोच्च जाणकार वेर्नर श्पीस यांनी ती अस्सल ठरवली, आणि त्यातलं एक जंगल २००६ मध्ये ७० लाख डॉलरना विकलं गेलं. बेल्त्राकी आहे त्या चित्राची नक्कल करत नसे. ज्या चित्रांचा जुन्या याद्यांत उल्लेख आहे पण फोटो नाही, अशी हरवलेली चित्रं तो नव्यानं 'सापडवून' देई. त्यासाठी पाठही तयार केली जाई. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेले कलाविक्रेते आल्फ्रेड फ्लेख्टहाइम यांच्या संग्रहाचं खोटं लेबल त्यानं बनवलं. त्याच्या बायकोनं आपल्या आजीसारखे कपडे घालून भिंतीवरच्या त्या चित्रांसमोर बसून फोटो काढून घेतला आणि तो युद्धपूर्व कागदावर छापला. आजोबांकडून वारशानं आलेला संग्रह, ही गोष्ट त्या फोटोवर उभी राहिली.

तो पकडला गेला दुसऱ्याच चित्रामुळे. हाइनरिख कांपेंडोंक याचं १९१४ चं म्हणून विकलेलं 'लाल चित्र घोड्यांसह' कोलोनच्या लिलावात २८ लाख ८० हजार युरोला गेलं होतं. त्याच्या पांढऱ्या रंगात टायटेनियम निघालं, जे १९१४ मध्ये चित्रकारांच्या ट्यूबमध्ये येतच नव्हतं. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. फ्लेख्टहाइमचे अभ्यासक राल्फ येंच यांना लेबलाचीच शंका आली होती, हे मला टायटेनियमपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्या विषयाला टायटेनियमचा काही उपयोग नाही. १९५० च्या चित्रात ते असणारच. शतकाच्या मध्यातलं चित्र बनावट ठरवायला रसायनशास्त्र फार थोडं पुरतं, कारण तेव्हाचे बहुतेक रंग आजही दुकानात मिळतात. अशा वेळी कागद वाचणारा माणूसच लागतो. पाठीवर माझा इतका भर आहे, आणि पाठही खोटी बनवता येते, हे दोन्ही एकदम खरं आहे.

चित्रकारांनी स्वतः घातलेले गोंधळ वेगळेच. द किरिकोनं म्हातारपणी आपल्याच तारुण्यातल्या चित्रांच्या प्रती काढल्या, काहींवर मागच्या तारखा घातल्या, आणि कधी आपलंच अस्सल चित्र खोटं म्हणून झटकून टाकलं. दालीनं कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या. १९७४ मध्ये अशी ४०,००० सह्यांची गाडी अंडोराच्या सीमेवर फ्रेंच अधिकाऱ्यांनी अडवली. त्यानंतर दालीच्या छापील चित्रांवरच्या सहीला पुरावा म्हणून फारशी किंमत उरली नाही. चौकटीत काचेमागे दालीचं निसर्गदृश्य आणि खाली पेन्सिलीनं सही, असं काही हाती आलं तर आनंद आवरता घ्यावा.

नाव पक्कं करण्याचा राजमार्ग म्हणजे चित्रकाराच्या सगळ्या कामाची अधिकृत सूची, कॅटलॉग रेझोने. तो त्या चित्रकाराचा सातबारा समजा. नोंद असली की व्यवहार सोपा. नोंद नाही म्हणजे जमीनच नाही असं होत नाही, पण मग वर्षानुवर्षं हेलपाटे. मॅग्रिटची सूची जाडजूड खंडांत आहे, दालीच्या चित्रांची त्याच्या फिगेरेसच्या फाउंडेशननं इंटरनेटवर खुली ठेवली आहे. टांगीची १९६३ मध्ये त्याचा शाळासोबती आणि विक्रेता पिएर मातीस यानं छापली, आणि तिच्यासाठी खपली ती केय सेज. त्याच वर्षी तिनं स्वतःला संपवलं. पण हौशी किंवा प्रादेशिक चित्रकारांना अशी सूची नसते. आणि मृत चित्रकारांच्या अस्सलपणाचा निर्णय देणारी मंडळं खटल्यांना घाबरून बंद पडू लागली आहेत. वॉरहॉलचं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं.

त्यामुळे लिलावाच्या पुस्तकातले शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात. नुसतं पूर्ण नाव दिलं असेल तर लिलावगृह जबाबदारी घेतं. 'अमुकचं मानलं जाणारं' म्हटलं की पाऊल मागे. 'अमुकच्या वर्तुळातलं', 'अनुयायाचं', 'अमुकच्या शैलीत' अशा पायऱ्या उतरत गेलं की शेवटच्या पायरीवर हात पूर्ण झटकलेले. 'सही केलेलं' आणि 'सही असलेलं' यातला फरक तर हजारो डॉलरचा. पहिल्यात सही चित्रकाराची आहे असं लिलावगृहाचं मत, दुसऱ्यात नुसती सही दिसते इतकंच.

तोडीच्या व्यवहारांकडे बघताना घात होतो तो मोठ्या आकड्यांमुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅग्रिटचं 'प्रकाशाचं साम्राज्य', १९५४ ची आवृत्ती, न्यूयॉर्कला १२ कोटी ११ लाख डॉलरना गेलं. खाली रात्र, वर दिवस. अतिवास्तववादी चित्राला लिलावात मिळालेली ती विक्रमी किंमत. बातमी जगभर झाली आणि ज्यांच्या घरी दिवसाच्या आकाशाखाली अंधारं घर आहे त्या सगळ्यांनी फोन उचलले असतील. त्या आकड्याचा त्यांच्या चित्राशी काहीच संबंध नाही. तुलना त्याच चित्रकाराशी, त्याच दशकाशी, त्याच आकाराशी, त्याच विषयाशी आणि तशाच अवस्थेशी करायची असते, आणि तीही झालेल्या विक्रीशी. संकेतस्थळावर कुणी काय मागतो आहे त्याला अर्थ नाही, मागायला कुणाचं काय जातं!

पण त्याच वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा आकडा मात्र या आढाव्यात महत्त्वाचा. कॅरिंग्टनचं 'दागोबेअरचे विरंगुळे' २ कोटी ८५ लाख डॉलरना विकलं गेलं. तेच चित्र १९९५ मध्ये पाच लाखांच्या आत गेलं होतं. चित्र तेच, फळी तीच, रंग तेच. बदललं ते घेणाऱ्यांचं डोकं. नवऱ्याच्या किंवा प्रियकराच्या सावलीतल्या म्हणून दशकानुदशकं तळटिपेत ठेवलेल्या चित्रकर्त्रींकडे संग्रहालयं वळली, आणि बाजार त्यांच्यामागून गेला. अबरक्रॉम्बीचंही तसंच. चंद्र, एक झाड, एक रस्ता, एक मांजर, असली तिची छोटी चित्रं ती शिकागोच्या रस्त्यावरच्या कलाजत्रेत स्वस्तात विकायची. डिझी गिलेस्पीसारखे जॅझवाले तिच्या घरी मैफली करायचे. १९७७ मध्ये ती गेली तेव्हा शिकागोबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीनं तिचं प्रदर्शन केलं, २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात मोठं प्रदर्शन लागलं, आणि आता तिची चांगली चित्रं लाखाच्या वर डॉलर आणतात. २००० साली तिच्या चित्राचं केलेलं मूल्यांकन तेव्हा बरोबर होतं आणि आज निरुपयोगी आहे. विम्याचा आकडा काही वर्षांनी पुन्हा तपासून घ्या असं सांगतात, ते उगाच नाही.

याचा उलटा मोहही टाळायला हवा. दुर्लक्षित असणं हा गुण नव्हे. बहुतेक दुर्लक्षित चित्रकार दुर्लक्षितच राहतील, आणि त्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत काळाचा निवाडा रास्त आहे. सही लागली, नाव सापडलं, स्थानिक वर्तमानपत्रात १९५३ च्या एका सामूहिक प्रदर्शनाची दोन ओळींची बातमीही मिळाली, तरी त्या नावाचं एकही चित्र लिलावात कधी विकलं गेलं नसेल तर आकडा कशावर टेकवणार? मग उरते ती सजावटीची किंमत. आकार मोठा, रंग आकर्षक, काळाची छाप स्पष्ट असेल तर काही शे डॉलर, फार देखणं असेल तर हजार-दोन हजार. अमेरिकेत मध्यशतकी फर्निचरची लाट आहे, त्या खोल्यांत अशी चित्रं शोभतात, म्हणून हा भाव निदान टिकून आहे.

अवस्थेनं हा आकडा अर्धा होऊ शकतो. उन्हानं उडालेले रंग परत येत नाहीत. सिगारेटच्या धुरानं पिवळं पडलेलं व्हार्निश मात्र निष्णात माणूस काढू शकतो. ते काढल्यावर करडं वाटणारं आकाश एकदम निळं निघाल्याची उदाहरणं आहेत. घरी कापसानं, साबणानं किंवा, काही लोक सुचवतात तसं, कापलेल्या बटाट्यानं पुसू नये. या चित्रांत पातळ रंगाच्या थरांवर सगळी धूसरता उभी असते आणि ती सगळ्यात आधी जाते.

मूल्यांकनकार निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. तो फी चित्राच्या किमतीच्या टक्केवारीत मागत असेल तर उठून यावं. अमेरिकेतल्या व्यावसायिक मानकांना ते मंजूर नाही, आणि कारण उघड आहे. दुसरं, किंमत सांगून झाल्यावर लगेच "मीच घेतो" म्हणणारा. त्यानं सांगितलेला आकडा त्याच्या खिशाच्या सोयीचा असणार. तासाच्या हिशेबानं फी घेणारा आणि लेखी देणारा महाग वाटतो, पण अहवालात तो कोणत्या हेतूसाठी, कोणत्या तारखेला, कोणत्या विक्रींच्या आधारे आकडा सांगतो आहे हे लिहून देतो. फोटोवरून उत्तर देणाऱ्या अ‍ॅपकडे यातलं काहीच नसतं. त्याला क्षितिज आणि सावली दिसते, म्हणून ते आत्मविश्वासानं दालीकडे धावतं.

तीनशे डॉलरच्या चित्रावर सहाशे डॉलरचा अहवाल करून घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. बहुतेक लिलावगृहं फोटो पाहून प्राथमिक अंदाज फुकट देतात. तिघांचं उत्तर एका पट्ट्यात आलं तर घरातल्या वाटणीला तेवढं पुरे. अहवालाचा खर्च तेव्हाच करावा जेव्हा पाठीवर काहीतरी बोलतं, गॅलरीचं लेबल, प्रदर्शनाचा क्रमांक, वाचता येणारं नाव. आणि नाव वाचता आलं तर पैसे खर्च करण्याआधी स्मिथसोनियनच्या 'आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट'मध्ये ते शोधून पाहावं. अबरक्रॉम्बीचे कागद तिथे आहेत, केय सेजचे आहेत, आणि ज्यांची नावं आज कुणालाच आठवत नाहीत अशा कितीतरी चित्रकारांची पत्रं आणि विक्रीच्या वह्याही आहेत. बरंचसं घरबसल्या, फुकट वाचता येतं.